निशिगंधाचे बेणे घरचे धरा



मागल्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाकडे एका श्रोत्याचे पत्र आले. पत्राला एक रंगीत चित्र चिकटवलेले होते. चित्रात पुरुषभर उंचीचे पिवळे तुरे उभे, आणि खाली नाव, फॉक्सटेल लिली. कोल्ह्याच्या शेपटीसारखा झुपकेदार तुरा, म्हणून हे नाव पडले. पत्रात विचारले होते, "साहेब, हिचे कंद टपालाने मिळतात. दाम बराच सांगतात. पण फूल असे की बाजारात दुसऱ्या कुणाकडे असणार नाही. विहिरीजवळ पाच गुंठे मोकळे आहेत. लावू का?"

या बंधूंना पहिले उत्तर असे की, लावू नका. पैसे मातीत जातील.

ही वनस्पती मध्य आशियातल्या कोरड्या डोंगरांतली. तिची एक जात आपल्या हिमालयात, काश्मीर आणि हिमाचलाकडच्या उंच उतारांवर आढळते. तिला खरी थंडी लागते, म्हणजे हिवाळ्यात काही आठवडे जमीन गारठून गेली पाहिजे. त्याशिवाय दांडा नीट वर येत नाही. फुले येऊन गेल्यावर पाने वाळतात आणि उन्हाळाभर ती जमिनीखाली झोपते. त्या झोपेत तिला अगदी कोरडी जागा हवी. आपल्याकडे नेमका त्याच वेळी मृग बरसतो. तिला आपल्या निशिगंधासारखा गड्डाही नसतो. मधे एक डोळा आणि भोवती ऑक्टोपसाच्या पायांसारखी मांसल, ठिसूळ मुळे, असा सगळा प्रकार. अशा मुळांना चार दिवस पाणी साचले की कुजलीच समजा. थंड देशांत ज्यांच्या बागेत ती असते ते लोक वाळूचा लहानसा उंचवटा करून त्यावर मुळे पसरतात आणि काही वर्षांनी तो गड्डा फोडून डोळे वेगळे करतात. बियांपासून करायची म्हटली तर फूल दिसायला तीन ते पाच वर्षे थांबावे लागते. हौस म्हणून ज्याच्या गावी बर्फ पडतो त्याने जरूर लावावी. आपण नको.

पण पत्रातली मूळ इच्छा चुकीची नाही. उंच दांडा, खालून वर उमलत जाणारी फुले, आणि एकदा बेणे हाती आले की घरच्या घरी वाढवता येईल असे पीक, हेच त्यांना हवे आहे. तसे पीक आपल्या मातीत कित्येक पिढ्या आहे. निशिगंध. कुणी रजनीगंधा म्हणतो, पुण्याच्या बाजारात गुलछडी म्हणतात. आज मी याच्या बेण्याविषयीच बोलणार आहे. पाणी, खत, फवारणी याबद्दल सगळे विचारतात, बेण्याबद्दल फारसे कुणी विचारत नाही. आणि माझा अनुभव असा की या पिकात बुडालेले बहुतेक लोक बेण्यात बुडालेले असतात.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. हे ऐकून काहींना नवल वाटेल. पण केळीचे पाहा. एका केळीला एकच घड, मग ती केळ गेली, पुढचा घड मुनव्याला. बांधावरचा घायपात आठवा. वर्षानुवर्षे पाने काढतो, एक दिवस मधून भला मोठा दांडा निघतो, आणि मग मूळ झाड वाळून जाते, बुडाची पिले राहतात. निशिगंध त्याच घायपाताच्या कुळातला. मेक्सिकोतून आलेला. शास्त्रज्ञ त्याला पूर्वी पॉलिअँथस म्हणत, आता सरळ अगेव्ह म्हणजे घायपाताच्याच वंशात घालतात. तेव्हा तुमच्या शेतात दोन-तीन वर्षे फुले येत राहतात ती काही एकाच गड्ड्याची नव्हेत. आई फुलून संपते, लेकी फुलतात, मग नाती. ठोंब तोच दिसतो, आत पिढ्या बदललेल्या असतात.

याचा व्यवहारात अर्थ काय? बाजारात बेणे घ्यायला गेलात की विकणारा मोठमोठे गड्डे पुढे करतो. आपणही मोठा दिसतो म्हणून खूष होतो. त्या गड्ड्याचे मधले टोक बघा. तिथे वाळलेल्या दांड्याचा खुंट किंवा त्याची गोल खूण असेल, बोटाने दाबल्यावर आतून पोकळ लागत असेल, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटत असेल, तर ती फुलून गेलेली आई आहे. तिच्या अंगाला चिकटलेली चार पिले फार तर जगतील, पण यंदा दांडा त्यातून निघणार नाही. किलोवर बेणे विकत घेताना अशी मेलेली वजने आपल्या पदरात पडतात. चांगला कंद चातीसारखा, म्हणजे मधे फुगीर, वर निमुळता, भरीव, बुडाची चकती शाबूत, आणि वरच्या टोकाला न फुललेला कोंब असा असतो. मापाला सुपारी जवळ ठेवा. मधल्या फुगीर भागात सुपारीपेक्षा जाड, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर, आणि वजनाला पंचवीस-तीस ग्रॅम असलेला कंद लागणीला घ्यावा. सुपारीहून बारीक असेल तो टाकू नका, पण मुख्य शेतातही लावू नका. त्याचे काय करायचे ते पुढे सांगतो.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या हातून होऊ नये.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हद्दीतल्या एका शेतकऱ्याला निशिगंध लावायचा होता. दहा गुंठे, विहिरीचे पाणी, घरात राबणारी चार माणसे, सगळे जुळून आलेले. बेणे कुठे मिळेल म्हणून त्याने मला विचारले. शेजारच्या गावात एक जुना प्लॉट होता, मालक तो मोडणार होता आणि बेणे स्वस्तात देत होता. मी जाऊन पाहून आलो. फुले होती, पाने हिरवी होती. मी म्हटले, घ्या. दादाने सोसायटीचे कर्ज काढले आणि मातीसकट पोती भरून बेणे आणले.

पहिल्या वर्षी उगवण कुठे दाट, कुठे विरळ. मी म्हटले पाणी कमीजास्त झाले असेल. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी, दांडे वीतभर आखूड. मी युरिया द्यायला सांगितला. उपयोग झाला नाही. एक दिवस दादाने काही न बोलता एक ठोंब उपटला, हौदात धुतला आणि माझ्या हातात दिला. मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी. सूत्रकृमी! डोळ्यांना न दिसणारी ही अळी मुळांत राहते, आणि जुन्या मुळांबरोबर, मातीबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. आम्ही ती पैसे देऊन, पोत्यात भरून आणली होती. मी फुले पाहिली, मुळे पाहिली नाहीत. दादाने तो प्लॉट मोडून त्या जागी वांगी लावली, तर वांग्याच्याही मुळांना त्याच गाठी. मला तो कधी वाकडे बोलला नाही. पण मी त्याच्या ओट्यावर बसून चहा घेतला की आजही माझी नजर खाली जाते.

तेव्हापासून माझा नियम असा. बेणे घ्यायचे असेल तर आधी विकणाऱ्याच्या शेतात जायचे, प्लॉटच्या तीन वेगवेगळ्या ठिकाणचे तीन ठोंब आपल्या हाताने काढायचे, बादलीत धुवायचे आणि मुळे उन्हात धरून बघायची. गाठ दिसली की पुढची बोलणी बंद. मालक ठोंब उपटू देत नसेल तरी बोलणी बंद. आणि आणलेले बेणे मातीसकट शेतात कधीच न्यायचे नाही. माती झाडायची, जुनी मुळे कात्रीने छाटायची, आणि तो सगळा केर जाळून टाकायचा. उकिरड्यावर नको, कारण तिथून तो शेणखताबरोबर परत शेतात येतो.

ज्यांची जमीन आधीच बिघडली आहे त्यांनी हात टेकू नयेत. दादाच्या शेतात आम्ही एप्रिल-मेमध्ये खोल नांगरट करून ढेकळे तापू दिली, मग सरळ झेंडू लावला. झेंडूच्या मुळांत असे द्रव्य असते की गाठी करणाऱ्या सूत्रकृमी त्याने कमी होतात. फुले विकून खर्चही निघाला. दुसऱ्या वर्षी निंबोळी पेंड घालून शृंगार वाणाची लागण केली. हा वाण सूत्रकृमीला पुष्कळ दाद देत नाही. गाठी समूळ गेल्या असे मी म्हणणार नाही. शोधल्या तर सापडतात. पण पीक उभे राहिले. एक ध्यानात ठेवा, निशिगंधाच्या आधी त्या जागेत वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडीवर्गीय पीक घेऊ नये. या सगळ्यांच्या मुळांवर ही अळी पोसते.

वाणाचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात. सुट्या फुलांसाठी, म्हणजे हार-वेण्यांसाठी एकेरी जात लावावी. वासही तिलाच जास्त. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे शृंगार आणि प्रज्वल हे एकेरी वाण आहेत. प्रज्वलची कळी टपोरी, वजनाला भारी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा फुले रजनी हाही एकेरी. काडी म्हणून, म्हणजे दांडा फुलदाणीसाठी विकायचा असेल तर दुहेरी सुवासिनी किंवा मधल्या पाकळ्यांचा वैभव घ्यावा. तुमच्या जवळच्या बाजारात किलोवर फुले जातात की काडीची जुडी जाते ते आधी विचारून घ्या. काडीला शहर जवळ लागते.

आता घरचे बेणे कसे धरायचे ते सांगतो. ज्यांच्याकडे दोन-तीन वर्षांचा प्लॉट उभा आहे त्यांनी नीट ऐकावे. ठोंब दाटले, दांडे बारीक पडू लागले, म्हणजे काढणीची वेळ आली.

फेब्रुवारीत फुले कमी झाली की पाणी तोडावे. पाने पिवळी पडून वाळू लागतात. घाबरू नका, पानांतला कस तेव्हा कंदात उतरत असतो. हिरव्या पानांवर ओल्या जमिनीतून काढलेला कंद पाणचट राहतो आणि साठवणीत सडतो. तीन-चार आठवड्यांनी पाने जमिनीलगत कापावीत आणि ठोंबापासून वीतभर लांब कुदळ घालून तो खालून उचकटावा. ठोंबाजवळ कुदळ मारली तर सगळ्यात चांगले कंदच चिरतात. मग माती झाडून, हाताने पिले मोकळी करून तीन ढीग करावेत. एका ढिगात सुपारीहून मोठे, भरीव कंद, दुसऱ्यात बारीक पिले, आणि तिसऱ्यात फुलून गेलेल्या पोकळ आया, चिरलेले, मऊ पडलेले, बुरशी धरलेले. तिसरा ढीग जाळायचा. एका चांगल्या ठोंबातून डझनभर लहानमोठी पिले सहज सुटतात, तेव्हा जीव गुंतवून सडके बेणे ठेवण्याचे कारण नाही. घरातल्या बाया हे निवडणीचे काम आपल्यापेक्षा चोख करतात. तांदूळ निवडणारा डोळा आहे तो. त्यांना फक्त एकदा पोकळ गड्डा कापून आत काय असते ते दाखवा.

निवडलेले कंद लगेच लावायचे नाहीत. निदान महिनाभर, जमल्यास सहा आठवडे, त्यांना विश्रांती द्यावी. ताजा कंद लावला तर उगवण मागेपुढे होते, आणि मागेपुढे उगवलेला प्लॉट बाजाराला एकदम सापडत नाही. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, बांबूच्या माचीवर नाहीतर कोरड्या जमिनीवर पातळ थर पसरावा आणि चार-पाच दिवसांनी हात फिरवून उलथावा. पोत्यात बांधून कोपऱ्यात टाकू नये. पत्र्याच्या बंद खोलीत तर मुळीच नको, एप्रिलमध्ये तिथे कंद उकडतात. उंदरांवर लक्ष असू द्या.

बारीक पिलांसाठी एक वेगळा वाफा करा. चार-चार बोटांवर लावा, वर्षभर तण काढा, बेताचे पाणी द्या. त्यातून दांडा निघण्याची वाट पाहू नका. पुढच्या मार्चला तीच पिले सुपारीच्या पुढे गेलेली असतात. हा वाफा ज्याच्या दाराशी आहे त्याला बेण्यासाठी कुणाच्या दारात जावे लागत नाही. फार मोठा, न फुललेला कंद असेल तर त्याचे धारदार सुरीने उभे दोन-तीन भाग करता येतात, प्रत्येक भागाला बुडाची चकती आणि एक डोळा आला पाहिजे. नवा वाण थोडाच मिळाला असेल तेव्हा हे कामाचे आहे. एरवी नसती उठाठेव करू नये, कापलेल्या तोंडातून कुज शिरते.

लागण एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत करावी. तीन-साडेतीन महिन्यांत फूल सुरू होते, म्हणजे वेळेवर लावलेला प्लॉट गणपती-नवरात्राला सापडतो. जमीन निचऱ्याची हवी. काळ्या चिबड जमिनीत हे पीक घालू नका, पावसाळ्यात बुडाशी पांढरी बुरशी येते, तिच्यात मोहरीसारखे दाणे दिसतात आणि खोड कुजते. गुंठ्याला एक गाडी चांगले कुजलेले शेणखत आणि दहा किलो निंबोळी पेंड मातीत मिसळावी. ट्रायकोडर्मा मिळत असेल तर पुड्यावरच्या प्रमाणात शेणखतात आठवडाभर आधी मुरवून ठेवावी. सरी-वरंब्यावर फुटाफुटावर एक कंद, दोन-अडीच इंच खोल, टोक वर. फुटाला फूट धरले तर पाट, बांध वजा जाता गुंठ्याला हजार कंद लागतात, म्हणजे पंचवीस ते तीस किलो. विकत घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा आणि विकणाऱ्याने घरचे वाचलेले पैसे किती तेही याच हिशेबाने काढावे. लावण्यापूर्वी कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून घेण्याची शिफारस आहे, औषध आणि प्रमाण मात्र तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून, लेबल वाचूनच घ्यावे. हातात मोजे घाला.

जमीन ओलवून वाफशावर लागण करावी, आणि कोंब दिसेपर्यंत पाण्याची घाई करू नये. कोंब नसलेल्या कंदाला रोज पाणी म्हणजे कुजण्याला निमंत्रण. पुढे उन्हाळ्यात आठवड्याने, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, जमीन बघून पाणी द्यावे. खताची शिफारस हेक्टरी 200 किलो नत्र, 150 किलो स्फुरद, 200 किलो पालाश अशी आहे. गुंठ्याच्या भाषेत सांगायचे तर लागणीच्या वेळी साडेनऊ किलो सुपर फॉस्फेट आणि सव्वातीन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. युरिया दीड-दीड किलो तीन वेळा, लागणीला, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. माती तपासून घेतली असेल तर त्या पत्रिकेप्रमाणे कमीजास्त करावे. फुलकिडे, कोळी, कळी पोखरणारी अळी यांच्याविषयी स्वतंत्र भाषण पुढे होणार आहे.

फुले तोडायची ती पहाटे. सुट्या फुलांसाठी पूर्ण वाढलेली, उमलण्याच्या बेतात असलेली कळी. ऊन वर आले की वास आणि वजन दोन्ही उतरतात. काडीसाठी खालची एक-दोन फुले उमलली की दांडा जमिनीपासून तीन-चार बोटांवर चाकूने कापावा आणि लगेच बादलीत पाण्यात उभा करावा. ओढून तोडू नये. ओढताना बुडाची पिले हलतात, आणि ती तुमचे पुढच्या वर्षाचे बेणे आहेत.

पत्र पाठवणाऱ्या बंधूंनी पाच गुंठे एकदम लावू नयेत. यंदा एक गुंठा. मुळे तपासून हजार कंद घ्या. दोन वर्षे फुले विका, तिसऱ्या मार्चला ठोंब काढा, आणि मग उरलेल्या चार गुंठ्यांची लागण घरच्या बेण्याने करा. कंद घेण्यासाठी कुठल्या प्लॉटवर जायचे ते ठरले की मला निरोप द्या. बादली घेऊन मी बरोबर येईन.